राजाची अडीच घरं

गोवऱ्यांचा ढीग पेटून धूर आंब्याच्या शेंड्यापर्यंत गेला, तरी बुद्धिबळाचं नाव कुणी काढेना. सगळे हरभऱ्याबद्दल बोलत होते. हरभरा जेमतेम बोटभर वर आला होता आणि त्याच्याबद्दल बोलण्यासारखं अजून काहीच नव्हतं.

आसराचे रोडगे या घरात दरवर्षी देऊळघाटच्या शेतात, विहिरीवरच होत. सोयाबीन निघाली की एक रविवार धरायचा आणि लेकी-जावयाला निरोप द्यायचा. त्या दिवशी कणीक पुरुषांनी मळायची, गोळे पुरुषांनी वळायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, आरात, पुरुषांनीच भाजायचे. बायकांनी नुसतं बसायचं. बसायचं म्हणजे वांगी चिरायची, वरण शिजवायचं, तूप कढवायचं, विहिरीतल्या आसरांना, पाण्याच्या देवींना, हळदकुंकू वाहायचं आणि रोडगे फोडल्यावर, "यंदा खमंग झाले बरं," असं म्हणायचं. करपले असले तरी म्हणायचं.

घरातले मोठे निर्णय याच आराभोवती झाले होते. पूनमचं लग्न इथंच ठरलं, दुसरी विहीर कुठं खणायची तेही इथंच. त्यामागं फार मोठा विचार नव्हता. रोडगे भाजेपर्यंत कुणाला उठून जाता येत नाही, आणि रागानं गेलंच तर उपाशी जावं लागतं, एवढंच.

छाया वांगी चिरत होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर ज्ञानेश्वरनं ते ‘बोलू का?’ला दिलेलं उत्तर समजलं असतं. काय बोलायचं ते सकाळी गाडीवरून येताना ठरलं होतं. ठरवलं त्यानं होतं; तिनं त्याच्या पाठीमागं बसून ऐकून घेतलं होतं, आणि मधे त्यांची मुलगी अंजू झोपेत डोकं टेकून होती म्हणून वाद घातला नव्हता.

गोष्ट मागच्या रविवारची होती. बुलढाण्याला जिल्ह्याची बुद्धिबळ स्पर्धा होती, लहान मुलामुलींची. अंजू, म्हणजे शाळेच्या पटावरची पुष्पांजली, शेवटच्या फेरीत चांगली एका हत्तीनं पुढं होती. तो डाव घेतला असता तर अमरावतीला जायला मिळणार होतं. समोरच्या मुलीचा वजीर अंजूच्या राजाच्या अंगावर यायला लागला. अंजूनं राजा उचलला, आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून नेऊन ठेवला.

पंच आले. त्यांनी राजा मूळच्या घरात परत ठेवला. पण राजाला हात लागला होता, म्हणून नियमानं राजाच हलवावा लागला. एक घर, तेवढंच. त्या एका घरापायी हत्ती गेला, आणि हत्तीमागून डाव गेला.

ती उडी अंजूला आबांनी, म्हणजे आजोबा रामरावांनी, शिकवलेली. रामरावांच्या देशी खेळात, राजाला अजून शह बसलेला नसेल, तर साऱ्या डावात एकदा त्याला घोड्याची चाल घेता येते. क्लासमधल्या खेळात असलं काही नाही, तिथं किल्लेकोट. अंजूला दोन्ही माहीत होतं. क्लास आठवड्यातून दोन दिवस, बुलढाण्यात. आबांबरोबर डाव रोज संध्याकाळी, घरच्या ओट्यावर. घाबरल्यावर हात कुणाचं ऐकेल, हा प्रश्न तोवर कुणाला पडला नव्हता.

रामराव त्या वेळी हॉलच्या दारात होते. ते सरळ आत शिरले आणि पंचांना म्हणाले, "पोरीची उडी बाकी आहे. तिले एकदाबी शह बसला नाही. मी पाहून राह्यलो इथून." पंच त्यांच्या मुलापेक्षाही लहान. त्यांनी हात जोडून, "आजोबा, बाहेर बसा," असं सांगितलं. तेव्हापासून देऊळघाटच्या स्टँडवर जो भेटेल त्याला रामराव सांगत होते की जिल्ह्याच्या पंचाला खेळच माहीत नाही. गाव हळहळलं. तक्रार करू, मुंबईपर्यंत जाऊ, असंही दोघंतिघं म्हणाले. घरात मात्र कुणी काही बोललं नाही.

कारण त्याच दिवशी हॉलच्या फाटकापाशी क्लासच्या सरांनी छायाला गाठलं होतं.

"दोन दिवस क्लास पुरेसा आहे, ताई. तिच्या वयाला याहून जास्त नकोच, कंटाळेल. मधल्या दिवशी घरी अर्धा तास कोडी सोडवली तरी पोरगी पुढं जाते. फक्त आजोबांबरोबरचा तो खेळ बंद करा."

"पूर्ण?"

"पूर्ण. मी दोन दिवस शिकवतो, ते रोज शिकवतात. हात रोजच्या माणसाचंच ऐकणार ना."

ज्ञानेश्वरला तिनं हे सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं, "बाबाले कोण सांगन?" मग तो पंप चालू करायला गेला, आणि परत आला तेव्हा उपाय घेऊनच आला. सांगायचंच नाही. क्लास पाच दिवसांचा करायचा. पोरगी दिवेलागणीनंतर घरी येईल, जेवेल, झोपेल. ओट्यावरचा डाव आपोआप बंद. कुणी कुणाला काही म्हणायला नको.

"सर म्हणतात जास्त नको," छाया म्हणाली होती, "अन् आपण जास्त करायचं?"

"तिच्या भल्यासाठीच ना."

या घरात जे जे अवघड असे ते नेहमी कुणाच्यातरी भल्यासाठी असे. लग्न होऊन आल्यापासून छायाला त्याची सवय झाली होती.

"प्रेम काऊन नाही आला वं?" छायाच्या सासूबाईंनी, शालूबाईंनी, लेकीला नातवाबद्दल विचारलं.

"त्याचा क्लास आहे, आई," पूनम म्हणाली. ती बुलढाण्याहून नवऱ्याबरोबर सकाळीच आली होती.

"रविवारी?"

"स्पर्धा झाल्यावर त्याच्या सरनं वाढवला. पाच दिवस होता, आता रविवारचाबी असते."

"कितवा आला तो?"

"तसा नंबर नसते त्याच्यात. अनुभव असते."

"दुसऱ्या फेरीतच आला ना अनुभव?" ज्ञानेश्वर कणीक मळता मळता म्हणाला, आणि विषय निघाला म्हणून त्यानं लगेच पुढचंही उरकून घेतलं. "बाबा, मी म्हणून राह्यलो होतो, अंजूचाबी क्लास पाच दिवस करून टाकू."

रामराव काठीनं आर पसरत होते. "काऊन?"

"जिल्ह्याले हरली ना ती."

"हरली नाही. हरवली तिले."

"तेच ते. दोन दिवसानं काय होते? पाच दिवस गेली तर पक्की होईन. दाजी, तुमी सांगा."

महादेवराव जावई होते, आणि त्यांचं खताबियाण्याचं दुकान होतं. या दोन गोष्टींमुळे त्यांचं मत सगळीकडे आधी विचारलं जाई. त्यांनी हातातला गोळा नीट गोल होईपर्यंत वळला.

"मामा, पिकाचं अन् पोराचं एकच आहे. डोस वेळेवर पाह्यजे अन् पुरा पाह्यजे. अर्धा डोस म्हणजे डोस वाया. पाच दिवसच बरोबर आहे."

"ऐका," पूनम म्हणाली. "दोन वर्षांपासून मी हेच सांगून राह्यले वहिनीले."

छायानं वांगं पाण्यात टाकलं. "हो, ताई सांगतात."

"मंग ठरलं," ज्ञानेश्वर म्हणाला. आज आपण फारच चांगलं बोलतो आहोत असं त्याला वाटायला लागलं होतं, आणि तिथंच तो एक वाक्य जास्त बोलला. "रोज अंधारात यायचा प्रश्न येईन, तर सोमवार ते शुक्रवार ती पूनमकडेच राहीन. आत्याचंच घर आहे. प्रेमलेबी सोबत."

पूनम हसली. हसू ओठांवर ठेवून ती पटकन हिशेब करू लागली.

अंजूवर तिचा जीव होता. भाची झाली तेव्हा पहिलं झबलं तिनंच शिवलं होतं. पण मागच्या रविवारी तिनं प्रेमला दुसऱ्या फेरीनंतर गाडीत बसून रडताना बघितलं होतं, आणि त्याच वेळी आत, दोन दिवस क्लासला जाणारी, बसनं येणारी ही चिमुरडी एकामागून एक डाव घेत होती. प्रेम घरी आला की पटाकडे बघायचासुद्धा नाही. दात घासायला जावं तसा तो पाच दिवस क्लासला जाई. हे पूनमला ठाऊक होतं. महादेवरावांनाही ठाऊक होतं. दोघंही ते एकमेकांपासून लपवत होते. आता ही पोरगी त्यांच्याच घरी, त्याच्याच टेबलावर, त्याच्यासमोर बसणार. रोज त्याला हरवणार. आणि आपण दोघांना दूध देणार.

"राहायचं काही नाही रे," ती म्हणाली. "घर तिचंच आहे. पण लहान आहे ती. आईशिवाय झोपते का? अन् खरं सांगू का, तिच्या वयाले पाच दिवस जास्तच होतात. दोन दिवस बस झाले."

"आत्ता तर म्हणे पाच," ज्ञानेश्वर म्हणाला.

"प्रेम मोठा आहे."

"दोन वर्षांनी."

"दोन वर्षं काय कमी असतात?" पूनमनं नवऱ्याकडे बघितलं.

महादेवरावांनी ते बघणं बरोबर ओळखलं. सासुरवाडीत त्यांचं एवढं नाव होतं ते उगाच नाही. "तसं पाहाल तर," त्यांनी दुसरा गोळा घेतला, "डोस जास्त झाला की पानं करपतात. कोवळ्या रोपाले तर अजिबात नाही. दोन दिवस बरोबर आहे."

"दाजी, तुमी एका बाजूनं बोला ना."

"मी डोसच्या बाजूनं बोलून राह्यलो."

शालूबाई इतका वेळ तुपाच्या पातेल्याकडे लक्ष देऊन होत्या. लेकीचं, जावयाचं, मुलाचं, तिघांचंही त्यांनी ऐकलं, आणि त्यांना एकच गोष्ट दिसली. पाच दिवस नात बुलढाण्यात, म्हणजे पाच संध्याकाळी नवरा रिकामा. गेल्या दोन-तीन वर्षांत चहा झाला की तो ओट्यावर जाई तो जेवायलाच आत येई. त्याआधी तो संध्याकाळी गॅसच्या ओट्यापाशी खुर्ची टाकून बसायचा आणि भाजीत तिखट किती टाकलं ते विचारायचा. 

"पाच दिवस नाही," त्या म्हणाल्या.

"काऊन, आई?"

"नाही म्हणजे नाही. पोरगी वाळून जाईन."

त्यांच्या बोलण्यात अंजूची काळजी इतकी स्पष्ट होती की ज्ञानेश्वर गप्प बसला.

रामरावांनी पहिले गोळे आरात पुरले होते आणि वरून राख ओढली होती. त्यांच्या हाती काठी होती, म्हणून त्यांना मान वर न करता सगळं ऐकता येत होतं.

मुलगा लहानपणापासून असाच होता. गाईनं दूध आटवलं तर तो येऊन, वासराची तब्येत बरी दिसते, एवढंच सांगायचा. आता पाच दिवस क्लास म्हणतो. पाच दिवस क्लास म्हणजे ओटा रिकामा, एवढं कळायला काही पाच दिवस क्लास लावावा लागत नाही.

बुद्धिबळ या घरात पुरुषांनी आणलंच नव्हतं. ते आणलं रामरावांच्या आईनं, अंबूबाईनं, साखरखेर्ड्याहून. तिचा बाप तिथं बाजाराच्या दिवशी खेळायचा आणि लेक मागं उभी राहून बघायची. सासरी बायकांनी पट मांडायचा म्हणजे भलतंच, म्हणून ती भर दुपारी चुलीपुढं कोळशानं घरं आखी. चिंचोके प्यादी, सुपारी राजा. आणि धाकट्या रामाला समोर बसवी. उडीच्या वेळी ती हसायची. "राजा असला तरी एक डाव पळा लागते," म्हणायची. रामराव शाळेत जे शिकले ते सगळं विसरले होते. हे नाही विसरले.

आणि गेला आठवडाभर नातीनं उडी घेतली नव्हती.

त्यांनी ते पहिल्याच संध्याकाळी पाहिलं. तिचा राजा कोंडला होता, शह बसला नव्हता, उडी शिल्लक होती. "घे ना वं उडी," ते म्हणाले. "नको, आबा," ती म्हणाली, आणि मात खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तसंच. ती रुसलेली नव्हती. रोजच्यासारखी येऊन मोहरे मांडत होती, त्यांच्यासाठी पांढरे, आपल्यासाठी काळे. फक्त तेवढी एक चाल ती बाजूला ठेवत होती, ताटातली न आवडणारी भाजी कुणाला वाईट वाटू नये म्हणून कडेला सारावी तशी. स्टँडवर पंचाला शिव्या घालताना त्यांना हे रोज आठवत होतं, आणि आठवलं की ते आवाज आणखी चढवत होते.

"पोरीलेच इचारा," महादेवराव म्हणाले. "ज्याचं पीक त्याले इचारावं."

अंजू विहिरीपलीकडच्या बोरीखाली होती. तिला हाक मारली. ती फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन आली आणि सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर छायाच्या पाठीशी उभी राहिली.

"अंजू, क्लास किती दिवस पाह्यजे तुले?" ज्ञानेश्वरनं विचारलं. "पाच ना?"

अंजूनं आईकडे बघितलं, मग आत्याकडे, मग आबांच्या पाठीकडे.

"तुमी ठरवा," ती म्हणाली.

छायाला तो आवाज ओळखीचा वाटला. तो तिचा स्वतःचाच होता. लग्न बघायला आले तेव्हा ती असंच म्हणाली होती. नोकरी सोडायची का विचारलं तेव्हाही. ‘तुम्ही ठरवा’ म्हटलं की घरात शांतता राहते, आणि ती शांतता आपल्याला आतून पुरवावी लागते. पोरीच्या नखांत मातीची काळी चंद्रकोर होती. एवढुशा बोटांनी मागच्या रविवारी एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मोहरे हलवले होते, आणि हरल्यावर ती रडलीसुद्धा नव्हती, बसमध्ये तिनं फक्त विचारलं होतं, "आबांना राग आला का?"

"सर म्हणाले, दोनच दिवस," छाया म्हणाली.

ज्ञानेश्वरचा हात कणकेत थांबला. "छाया."

"जास्त नको म्हणाले. दोन दिवस क्लास अन् घरी अर्धा तास." तिनं विळी आडवी केली. पुढचं सासऱ्यांकडे बघून म्हणायला हवं होतं. ते तिला जमलं नाही, ती आराकडे बघून बोलली. "अन् मामाजी, तुमच्यासंगचा डाव बंद करा म्हणाले. मागच्या रविवारी चुकलं ते तिचं, पंचांचं नव्हतं चुकलं. त्या खेळात राजाला उडी नसते. कुणालाच नसते. सरांनी मला तिथंच सांगितलं होतं, मी तुम्हाला नाही सांगितलं."

महादेवरावांना या प्रकारासाठी कुठलाच डोस सुचेना.

"बंद करा म्हणे," रामराव म्हणाले.

"हो."

"माह्या मायनं शिकवलेला खेळ. पोट्टं कोण ते, काल मिसरूड फुटलं, ते म्हणते बंद करा. अन् तुमी समदे आठ दिवसापासून तोंडाले कुलूप लावून बसले." त्यांनी मुलाकडे बघितलं. "म्हणून पाच दिवस."

"बाबा, तसं नाही..."

"तसंच आहे." काठी त्यांच्या हातात होती, पण आर ते विसरले होते. रोडग्यांची खालची बाजू करपायला लागल्याचा वास सगळ्यांना आला. सांगायची कुणाची छाती झाली नाही.

"अंजे, इकडं ये," ते म्हणाले.

ती आली. दोन बोरं मातीत पडली.

"तू सांग. माहा खेळ खोटा आहे का?"

अंजूनं विचार केला. पटावर बसली की ती करायची तसाच, खालचा ओठ दातात धरून. छायाला वाटलं, आता ही ‘नाही’ म्हणेल आणि आपण पुन्हा पहिल्या घरात येऊ.

"खोटा नाही, आबा," अंजू म्हणाली. "पण तो फक्त तुमाले अन् मलेच येते. तिथं समोर दुसरी पोरगी असते."

रामरावांनी काठी राखेत खुपसली. मग त्यांनी पहिला रोडगा उकरून काढला. एका बाजूनं तो कोळशासारखा होता. त्यांनी तो फडक्यात धरून आपटला, झटकला, फुंकला, आणि जावयाच्या ताटात ठेवला.

"खा. थंडा होईन."

शालूबाईंनी रोडगा फोडला, वर तूप सोडलं, नवऱ्याकडे बघितलं. "यंदा खमंग झाले बरं," त्या म्हणाल्या.

"हाव, लय खमंग," पूनम म्हणाली, आणि करपलेला पापुद्रा हळूच ताटाखाली सरकवला.

जेवण झाल्यावर रामराव विहिरीवर हात धुवायला गेले. अंजू त्यांच्या हातावर पाणी घालत होती. छायाला लांबून बोलणं ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की आबा ओल्या हातांनी थांबून काहीतरी विचारत होते, अंजू मान हलवत होती, आणि तांब्यातलं सगळं पाणी तिच्याच पायांवर पडत होतं.

काय विचारलं ते घरी आल्यावर कळलं. ऊन उतरलं होतं, पूनम आणि महादेवराव गाडीत वांगी, बोरं भरून निघून गेले होते, आणि ओट्यावर पट मांडलेला होता.

"प्यादं पहिल्या चालीले दोन घरं जाऊ शकते, आबा."

"काऊन? कोणती गाडी सुटून राह्यली त्याची?"

"नियम आहे."

"बरं. पुढं."

"हा किल्लेकोट. राजा दोन घरं इकडं, अन् हत्ती त्याच्यावरून उडून इकडं."

रामरावांनी पट दोन्ही बाजूंनी बघितला. "म्हणजे हत्ती राजाच्या डोक्यावरून उडते ते चालते. अन् राजा स्वतः उडते ते चालत नाही."

"हाव."

"बरं आहे तुह्या सरचं."

पण ते खेळले. आत दिवा लावून छाया दाराशी येऊन बसली, मांडीवर निवडायच्या मेथीची जुडी. तिला चाली कळत नव्हत्या. तिला आबांचा हात कळत होता. तो प्रत्येक मोहऱ्यावर जाई, थबके, परत येई. इतक्या वर्षांचा सरावलेला हात पहिल्या इयत्तेत बसला होता.

रस्त्यानं गावातला कारभारी सायकल ढकलत चालला होता. तो थांबला. "रामराव, त्या पंचाच्या तक्रारीचं काय केलं मंग? उद्या माह्या भाच्याले सांगतो, तो आहे बुलढाण्याले."

रामरावांनी मान वर केली नाही. "काही सांगू नको. पंचाचं बरोबर होतं."

"आं? काल तर तुमी..."

"काल मले येत नव्हतं. जाय आता, माहा क्लास चालू आहे."

उद्या सकाळपर्यंत हे स्टँडवर पोचलेलं असणार, हे तिघांनाही कळलं. सायकल पुढं गेली.

डाव पुढं सरकला. काळा वजीर पांढऱ्या राजाच्या बाजूला यायला लागला. शह अजून नव्हता. रामरावांनी बघितलं, श्वास घेतला, आणि काहीच न ठरवता त्यांच्या हातानं राजा उचलला. अडीच घरांवर, बरोबर मोकळ्या घराच्या वर, तो हात थांबला.

"हाव, हाव," ते म्हणाले. "ठेवतो परत. हत्ती खेळतो."

"नाही, आबा. हात लागला."

"मंग?"

"हात लागला म्हणजे राजाच हलवा लागते. एक घर."

त्यांनी पटावर बघितलं. एकच घर मोकळं होतं. तिथं राजा गेला की मागचा हत्ती उघडा पडत होता. ते राजा बोटांत धरून बसले. अंजूही बसली, तिनं घाई केली नाही.

"त्या दिवशी असंच झालतं?" त्यांनी विचारलं.

"असंच."

"अन् मी दारातून वरडत होतो."

रामरावांनी राजा एक घर सरकवला. तिनं हत्ती घेतला. अजिबात दया न दाखवता घेतला, आणि छायाला ते फार आवडलं. पुढं चार-पाच चालींत मात झाली.

शालूबाई दारात आल्या. चहा केव्हाचा निवला होता. "काय वं, हे किती दिवस चालनार आहे?"

अंजू मोहरे गोळा करत होती. तिनं सरांसारखी मान किंचित तिरकी केली आणि अगदी त्यांच्याच गंभीरपणानं म्हणाली, "दोन दिवसात ह्यायचं भागनार नाही, आजी. ह्यायले रोज लागन."

"रविवार धरून," रामराव म्हणाले, आणि पांढरा राजा त्याच्या घरात नेऊन ठेवला.